तीन पेरिटोनायटिस, रात्रीचा फोन आणि एकटी को-ऑर्डिनेटर

पत्र:

हिमोडायलिसिस (मशीनमधून रक्त शुद्ध करणं) युनिटमध्ये आठ वर्षं काम केल्यावर सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे होम डायलिसिसचं को-ऑर्डिनेशन आलं. २४ रुग्ण पीडीवर (पेरिटोनियल डायलिसिस: कॅथेटर म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत-बाहेर करून रक्त शुद्ध करणं) आहेत, ४ जण घरी हिमोडायलिसिस करतात. गेल्या दोन महिन्यांत तिघांना पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याचा संसर्ग) झाला. एकाच्या कल्चरमध्ये (द्रवातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, दुसऱ्याच्या ई. कोलाय, तिसऱ्यात काहीच वाढलं नाही. वर्षभरात एकूण ७ झाले, त्यातली २ कल्चर निगेटिव्ह. वर्षाचे रुग्ण-महिने (प्रत्येक रुग्ण किती महिने पीडीवर होता त्याची बेरीज) २५२ भरतात. डॉक्टर म्हणतात, ट्रेनिंग कच्चं आहे, सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवा. रात्रीचे फोन संपत नाहीत, बहुतेक 'ड्रेन होत नाही' (पोटातला द्रव बाहेर येत नाही) म्हणून. त्यात आता व्यवस्थापनाला आणखी १० रुग्ण घ्यायचे आहेत, सिस्टर मात्र मी एकटीच. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सिस्टर, तुम्ही आकडे दिलेत ते बरं केलंत. आधी तेच मांडू.

२५२ रुग्ण-महिने म्हणजे २१ रुग्ण-वर्षं. त्यात ७ पेरिटोनायटिस, म्हणजे एका रुग्णामागे वर्षाला ०.३३. इंटरनॅशनल सोसायटी फॉर पेरिटोनियल डायलिसिसच्या २०२२ च्या शिफारशींप्रमाणे हा दर ०.४० च्या वर जाऊ नये. म्हणजे वर्षाच्या हिशोबात तुम्ही मर्यादेच्या आत आहात. फक्त शेवटचे दोन महिने धरले तर ४८ रुग्ण-महिने, ४ रुग्ण-वर्षं, त्यात ३, दर ०.७५. डॉक्टर या दुसऱ्या आकड्याने अस्वस्थ झालेत आणि तेही खोटं नाही. पण २४ रुग्णांच्या कार्यक्रमात एखाददुसरी घटना इकडची तिकडे झाली तरी दोन महिन्यांचा दर दुप्पट होतो. म्हणून दर महिन्याला मागच्या १२ महिन्यांचा दर काढा आणि तोच मीटिंगमध्ये ठेवा. ताज्या तीन घटना बघायच्याच, पण एकेक करून. तिघांची सरासरी काढून काही हाती लागणार नाही.

खरी अडचण तुमच्या तिसऱ्या आकड्यात आहे. सातातली दोन कल्चर निगेटिव्ह, म्हणजे सुमारे २९ टक्के. हे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली हवं. सातच घटना आहेत, तेव्हा एकीनेही टक्का बराच हलतो, हे मान्य. तरीही पहिला हात इथे घाला, कारण नमुना नीट घेणं ही आठवड्याभरात सुधारता येण्यासारखी गोष्ट आहे, आणि जंतू कोणता हे कळल्याशिवाय 'ट्रेनिंग कच्चं' हा नुसता अंदाज राहतो.

ढगाळ बॅग दिसली की रुग्णाने ती ओतून टाकायची नाही, हे प्रत्येक घरात पुन्हा एकदा सांगा. पहिली ढगाळ बॅगच सर्वात कामाची. क्लॅम्प लावून ती जशीच्या तशी घेऊन यायचं. युनिटमध्ये आल्यावर बॅगेचा पोर्ट अँटिसेप्टिकने पुसून तो वाळू द्या, मग निर्जंतुक सिरिंजने द्रव काढा. ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या, एक एरोबिक आणि एक अ‍ॅनेरोबिक. प्रत्येकीत ५ ते १० मिली, तिथेच, रुग्णाच्या शेजारी भरायचे. साध्या डबीत दोन चमचे द्रव पाठवला की कल्चर निगेटिव्ह येण्याची निम्मी तयारी झालीच. लॅबमध्ये सोय असेल तर आणखी ५० मिली द्रव सेंट्रिफ्यूज करून खालच्या गाळाचं कल्चर लावायला सांगा. जंतू सापडण्याची शक्यता वाढते. सेल काउंट आणि डिफरेन्शियलसाठी वेगळी ट्यूब. बाटल्या ६ तासांच्या आत लॅबला पोचायला हव्यात. रविवार किंवा रात्र असेल आणि ते जमणार नसेल, तर भरलेल्या बाटल्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या, फ्रिजमध्ये नाही. हे रात्रपाळीच्या माणसाला आधीच दाखवून ठेवलेलं असावं, कारण सवयीने नमुना फ्रिजमध्येच जातो.

निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पोटदुखी किंवा ढगाळ द्रव, किमान दोन तासांच्या ड्वेलनंतर (द्रव पोटात राहण्याचा वेळ) द्रवात दर मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, किंवा पॉझिटिव्ह कल्चर. सायकलरवरच्या (रात्री आपोआप द्रव बदलणारं मशीन) रुग्णाचा ड्वेल छोटा असतो, त्यामुळे काउंट १०० च्या खालीही दिसू शकतो. तिथे न्यूट्रोफिलचं प्रमाण बघा. नमुने घेतले की अँटिबायोटिक लगेच सुरू. रिपोर्टची वाट बघायची नाही. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. तुमच्या दोन कल्चर निगेटिव्ह रुग्णांना एक प्रश्न आवर्जून विचारा: आमच्याकडे येण्याआधी ताप किंवा जुलाब म्हणून दुसऱ्या कुणाकडून गोळ्या घेतल्या होत्या का? बहुतेकदा निगेटिव्ह कल्चरचं उत्तर तिथेच सापडतं.

आता जंतूंकडे. जंतू कुठून आत शिरला याची दिशा त्याच्या नावातून बऱ्यापैकी कळते. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ कातडीवर राहतो, म्हणजे जोडणी करताना हात लागला. स्टॅफ ऑरियस आला तर एक्झिट साइट (कॅथेटर कातडीतून बाहेर येतो ती जागा) आणि टनेल (कातडीखालचा त्याचा मार्ग) दाबून बघा, नाकात तो आहे का तेही तपासा. स्ट्रेप्टोकॉकस बऱ्याचदा तोंडातला असतो, तेव्हा मास्क नाकाखाली होता का आणि दातांचं काही चाललंय का, हे विचारा. स्यूडोमोनास ओल्या जागी राहतो. एक्झिट साइट ओली राहते का ते बघा. बुरशी अनेकदा अलीकडच्या अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर येते आणि आली की कॅथेटर काढावाच लागतो, म्हणून अँटिबायोटिक चालू असताना बुरशीविरोधी औषध सोबत द्यायचं की नाही हे डॉक्टरांशी आधीच ठरवून प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा. आणि आतड्यातले दोन-तीन जंतू एकाच कल्चरमध्ये आले तर ट्रेनिंगचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनला बोलवा. आत काही फुटलेलं असू शकतं.

तुमच्या ई. कोलायच्या रुग्णाला पुन्हा बॅग जोडायला शिकवून फारसा फायदा होणार नाही, असं आमचं मत. हाताने तो जंतू येतच नाही असं नाही, शौचाहून आल्यावर हात नीट न धुता एक्सचेंज (जुना द्रव काढून नवा भरणं) केलं तर येतो. पण आधी विचारा, पोट कधी साफ झालं होतं? तीन-चार दिवस नाही, असं उत्तर आलं तर वाट सापडली. बद्धकोष्ठतेत आतड्यातले जंतू भिंतीतून पोटाच्या पोकळीत येऊ शकतात. सोबत पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट काढा. ते कमी असेल तर आतड्यांची हालचाल मंदावते, आणि पीडीच्या रुग्णांमध्ये ते कमी असणं नवीन नाही. रेचक डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित द्यावं, लॅक्ट्युलोज बहुतेकांना चालतं. फॉस्फेटचा एनिमा आणि मॅग्नेशियमवाली औषधं किडनीच्या रुग्णाला नकोत, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. कोलोनोस्कोपी ठरली असेल तर आधी पोटातला द्रव पूर्ण काढायचा आणि अँटिबायोटिकचा डोस द्यायचा. ही आठवण को-ऑर्डिनेटरनेच करून द्यावी लागते, कारण एंडोस्कोपीवाल्यांच्या डोक्यात पीडी नसतं.

स्टॅफवाल्या रुग्णाला मात्र पुन्हा बसवाच. पण शिकवू नका, बघा. एक्सचेंज करायला सांगा आणि तोंडातून एक शब्द काढू नका. आपण मध्ये बोललो की रुग्ण आपल्या सूचनेवर चालतो आणि घरचं खरं चित्र दिसत नाही. हात धुतल्यावर काय करतो, तिकडे नजर ठेवा. साबणाने चोळणं बहुतेक जण नीट करतात. गडबड पुसण्यात होते. बोटांच्या बेचक्यांत ओल राहते, आणि ट्रान्सफर सेटची (कॅथेटरला जोडलेली छोटी नळी) कॅप फिरवताना मनगटाकडून एक थेंब ओघळून जोडणीच्या तोंडाशी येतो. कोरड्या हातापेक्षा ओल्या हातावरून जंतू कितीतरी सहज उतरतात. दुसरी जागा म्हणजे कॅप काढल्यापासून बॅग जोडेपर्यंतचे तीन-चार सेकंद. त्या वेळी करंगळी कुठे आहे? नजर कुठे आहे? बॅगेचं टोक आणि ट्रान्सफर सेटचं टोक दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवून रुग्ण क्लॅम्प शोधत असेल, तर क्लॅम्प आधीच हाताशी घ्यायची सवय लावा. फ्लशकडेही बघा: आधी ड्रेन, मग नवीन बॅगेतला द्रव चार-पाच सेकंद सरळ ड्रेन बॅगेत जाऊ द्यायचा, त्यानंतरच फिल, म्हणजे पोटात भरणं. जोडताना आत गेलेलं काही असेल तर ते या फ्लशने बाहेर वाहून जातं. वाय आकाराच्या नळ्या आल्यावर पेरिटोनायटिस कमी झाला तो याचमुळे. दोन वर्षं पीडी केलेले रुग्ण वेळ वाचवायला नेमका हाच टप्पा गाळतात. नवख्यापेक्षा सराईत रुग्णावर जास्त लक्ष हवं, हे युनिटमधल्या डॉक्टरांना पटायला वेळ लागतो.

'सगळ्यांना पहिल्यापासून' याला आमचा विरोध आहे. २४ जणांना पाच-पाच दिवस म्हणजे कामाचे १२० दिवस. तेवढ्यात आणखी तिघे आजारी पडतील आणि त्यांच्याकडे बघायला तुम्ही मोकळ्या नसाल. पुनर्प्रशिक्षण कुणाला हे ठरलेलं आहे: पेरिटोनायटिस किंवा एक्झिट साइटचा संसर्ग झालेल्याला, दवाखान्यात राहून परतलेल्याला, नजर, हाताची पकड किंवा स्मरणशक्ती बदललेल्याला, घरात मदत करणारं माणूस बदललं असेल तर त्या नव्या माणसाला, आणि काहीही झालं नसलं तरी सुरुवातीनंतर तीन महिन्यांनी एकदा, पुढे किमान वर्षातून एकदा. यातले वार्षिकवाले महिन्याला दोन-तीन याप्रमाणे त्यांच्या नेहमीच्या तपासणीच्या दिवशीच उरका. एक एक्सचेंज बघायला जास्तीत जास्त पाऊण तास लागतो.

त्या पाऊण तासात एक तोंडी परीक्षाही घ्या. 'बॅगेचं टोक टेबलाला लागलं, काय कराल?' ती बॅग टाकायची, नवीन घ्यायची, संपलं. 'ट्रान्सफर सेटचं टोक लागलं तर?' क्लॅम्प बंदच ठेवायचा, नवीन कॅप लावायची, एक्सचेंज करायचं नाही आणि फोन करायचा. क्लॅम्प बंद असताना टोक लागलं तर ट्रान्सफर सेट बदलून भागतं. क्लॅम्प उघडा होता किंवा द्रव आत गेला, तर अँटिबायोटिक द्यावं लागतं. त्यामुळे फोनवर तुमचा पहिला प्रश्न एकच: क्लॅम्प उघडा होता की बंद? 'नळीला भोक पडलंय' असं आलं तर भोक आणि पोट यांच्यामध्ये क्लॅम्प लावून तसंच निघून यायचं. चिकटपट्टी लावून एक्सचेंज पुरं करणारे महाभाग असतात, तेव्हा हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

रात्रीच्या फोनचं बघू. ड्रेन होत नाही ही तक्रार रात्री दोन वाजता आणीबाणी वाटते, पण त्यातले बरेच फोन रुग्णाला स्वतःला सोडवता येण्यासारखे असतात. त्याला क्रम माहीत नसतो एवढंच. एक पान करा, मोठ्या अक्षरात, एक्सचेंजच्या जागी भिंतीला लावता येईल असं. त्यावर: सगळे क्लॅम्प उघडे आहेत का; कपड्याखाली किंवा अंगाखाली नळी दुमडली आहे का; ड्रेन बॅग पोटाच्या खाली, जमिनीवर आहे का; कूस बदलून, उभं राहून, थोडं चालून बघितलं का; नळीत पांढरे धागे दिसतात का; शेवटची शौच कधी झाली. द्रव आत जातो पण बाहेर येत नाही, असं असेल तर पहिला संशय बद्धकोष्ठतेवर, मग कॅथेटरचं टोक वर सरकल्यावर. आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही, तर नळी दुमडलेली तरी आहे किंवा फायब्रिन (तेच पांढरे धागे) अडकलंय. धागे दिसत असतील तर डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे बॅगेत हेपॅरिन, नेहमीचं प्रमाण लिटरला ५०० युनिट. सकाळपर्यंत सुटलं नाही तर पोटाचा साधा एक्स-रे काढा. साचलेला मळ आणि कॅथेटरच्या टोकाची जागा, दोन्ही एकाच फिल्मवर दिसतं.

सायकलरवाल्यांसाठी त्याच पानावर एक ओळ लाल अक्षरात: ड्रेनचा अलार्म बंद करून पुढचा फिल घ्यायचा नाही. झोपेत बटण दाबून अलार्म गप्प केला जातो, आधीचा द्रव पोटात तसाच असतो आणि त्यावर पुढचा चढतो. पोट तट्ट फुगणं, दम लागणं, फिलनंतर छातीत दडपण अशी लक्षणं आली तर मशीन थांबवून आधी हाताने ड्रेन करायचा आणि मग फोन.

पानाच्या खाली दोन रकाने. रात्री कधीही फोन करा: ढगाळ बॅग, पोटदुखी, ताप, टोकाला स्पर्श, नळीला भोक, दम, ड्रेनमध्ये लाल रक्त, वरचं सगळं करूनही ड्रेन अजिबात नाही. सकाळी फोन करा: ड्रेन थोडा हळू आहे, वजन किलोभर वाढलंय पण दम नाही, सामान संपत आलंय, अपॉइंटमेंट बदलायची आहे. पाळीच्या सुमारास द्रव गुलाबी होतो, तेही स्त्री रुग्णांना आधी सांगून ठेवा. सकाळच्या रकान्यात टाका, पण द्रव ढगाळही असेल तर रात्रीच्याच. फोनवर जो कुणी असेल त्याने प्रत्येक फोन वहीत लिहायचा: वेळ, तक्रार, काय सांगितलं, निकाल काय. चार आठवड्यांची ही वही पुढे व्यवस्थापनाशी बोलताना लागेल.

एक्झिट साइटबद्दल थोडक्यात. रोज म्युपिरोसिन किंवा जेंटामायसिन क्रीम, कॅथेटर पट्टीने अंगाला बांधलेला, आणि ओढ बसणार नाही असे कपडे. पू आला म्हणजे संसर्ग. नुसती लाली असेल तर फोटो मागवा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. ट्रान्सफर सेट बदलण्याच्या तारखा वहीत आहेत का ते तपासा. सहा महिने ही नेहमीची मुदत; नवी को-ऑर्डिनेटर आली की त्या तारखा निसटतात.

हिमोडायलिसिसमधून आलेल्या सिस्टरना एक गोष्ट हमखास नवी असते, म्हणून ती सविस्तर. तुमच्या रुग्णांपैकी जे कुणी लांब ड्वेलसाठी आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजऐवजी वापरायचा पीडीचा द्रव) वापरतात, त्यांच्या रक्तात माल्टोज साठतं. जीडीएच-पीक्यूक्यू पद्धतीच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजलाही साखर समजतात आणि आकडा खोटा, जास्त दाखवतात. मीटर २२० दाखवतं, इन्सुलिन दिलं जातं आणि रुग्ण हायपोग्लायसेमियात बेशुद्ध होतो, तरी मीटर साखर चांगली असल्याचंच सांगत राहतं. यात माणसं दगावली आहेत. आयकोडेक्स्ट्रिन थांबवल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. त्यामुळे रुग्णाच्या घरातलं मीटर कोणतं, पट्टी कोणत्या पद्धतीची, हे स्वतः बघा. रुग्णाच्या फाइलवर, त्याच्याजवळच्या कार्डावर आणि भरती झाला तर वॉर्डच्या चार्टवर मोठ्या अक्षरात लिहा. इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका.

बॅगेच्या ताकदीबाबत (द्रवातल्या साखरेचं प्रमाण) प्रत्येक रुग्णाकडे लेखी नियम हवा: सकाळचं वजन अमुकच्या वर आणि पायाला सूज, तर एक बॅग २.५ टक्क्यांची; बीपी तमुकच्या खाली, तर सगळ्या १.५ च्या. अमुक-तमुकचे आकडे डॉक्टरांनी भरून सही करायची. ४.२५ ची बॅग लागोपाठ दोन-तीन दिवस वापरावी लागतेय म्हणजे मीठ-पाणी, राहिलेली लघवी किंवा पडदा यांपैकी कुठेतरी बिघाड आहे, आणि त्याने फोन करायला हवा. पडद्याची पहिली पीईटी (पडदा कसा काम करतो ते मोजणारी चाचणी) पीडी सुरू झाल्यावर चार ते आठ आठवड्यांत होते. तुमच्या २४ जणांपैकी किती जणांची राहून गेली आहे ते एकदा काढाच. रुग्णाच्या लघवीची २४ तासांची मोजणीही जुन्या फाइलींमध्ये बऱ्याचदा सापडत नाही.

सामानाचा हिशोब कंटाळवाणा आहे, पण रात्रीचे काही फोन त्यातूनच येतात. हाताने चार एक्सचेंज करणाऱ्याला महिन्याला १२० बॅगा लागतात. दोन लिटरची एक, म्हणजे नुसत्या द्रवाचंच वजन २४० किलो. हे घरात कुठे ठेवणार, कोण उचलणार, हे ट्रेनिंगच्या आधीच्या गृहभेटीत बघायचं असतं. ऑर्डरच्या दिवशी 'पुरेल ना?' असं विचारू नका. खोके मोजून आकडा सांगायला लावा, प्रत्येक ताकदीचा वेगळा, आणि कॅपचाही. आठवडा ते दहा दिवसांचा साठा कायम शिल्लक हवा. सायकलरवाल्याकडे वीज गेल्यावर हाताने एक्सचेंज करता येतील इतक्या बॅगा हव्यात, आणि ते करायला त्याला येतं का हेही बघायला हवं. कित्येकांना वर्षभरात विसर पडलेला असतो. बॅग कोरड्या उबेनेच गरम करायची. गरम पाण्यात बुडवली की पोर्ट ओला होतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये द्रव एका जागी उकळता, दुसऱ्या जागी गार राहतो.

घरी हिमोडायलिसिस करणारे चौघेच असले तरी जीवाची जोखीम सर्वात जास्त तिथे आहे. तुमचा हात त्यात बसलेला आहे, म्हणून तीनच गोष्टी. व्हीनस सुई (रक्त शरीरात परत नेणारी) निसटली तर मशीनचा प्रेशर अलार्म वाजेलच असं नाही. म्हणून सुईजवळ ओलीचा सेन्सर, ठरलेल्या पद्धतीची टेपिंग आणि हात पांघरुणाच्या बाहेर, नजरेसमोर. झोपेत डायलिसिस करणाऱ्याला तर याला सूटच नाही. दुसरं, घरात आरओ असेल तर प्रत्येक ट्रीटमेंटच्या आधी कार्बन टाकीनंतरच्या पाण्यातलं टोटल क्लोरीन तपासायचं आणि वहीत लिहायचं. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. क्लोरामाइन आरओच्या पडद्यातून पार होतं आणि लाल पेशी फोडतं, अडवतो तो कार्बन. महिनाभर वहीत एकसारखा तोच आकडा, त्याच शाईने लिहिलेला दिसला तर तपासणी होत नाहीये असं समजा. तिसरं, बटनहोलने (दर वेळी त्याच भोकातून) टोचणाऱ्यांची खपली काढण्याची पद्धत दर भेटीत बघा; स्टॅफ ऑरियसचा संसर्ग तिथून रक्तात जातो.

आणि ते १० नवे रुग्ण. 'जमणार नाही' एवढंच म्हणालात तर ऐकून घेतील आणि रुग्ण पाठवतील. कागद घेऊन जा. पीडीचं ट्रेनिंग एकास एक, साधारण पाच दिवस. दहा जणांचे ५० कामाचे दिवस, गृहभेटी आणि तीन महिन्यांचं पुनर्प्रशिक्षण वेगळं. त्या ५० दिवसांत सध्याच्या २८ जणांचे फोन, तपासण्या, ढगाळ बॅगा कोण बघणार, हा प्रश्न त्यांनाच विचारा. बऱ्याच कार्यक्रमांत वीसेक रुग्णांमागे एक सिस्टर धरतात. तुम्ही आजच त्याच्या पुढे आहात. मागणी नेमकी ठेवा: दुसरी सिस्टर, आणि ती रुग्ण यायच्या आधी तयार झालेली, महिन्याला दोनपेक्षा जास्त नवे रुग्ण नाहीत, ट्रेनिंग चालू असताना तुम्हाला युनिटच्या ड्युटीवर ओढायचं नाही, आणि रात्रीच्या फोनची पाळी निदान तिघांत वाटलेली. सामानाच्या ऑर्डरी आणि फाइली एखादा क्लार्क करू शकतो, त्याला सिस्टर लागत नाही.

फोनची पाळी वाटण्याआधी बाकीच्या दोघांना ढगाळ बॅगेचा नमुना घेणं, ट्रान्सफर सेट बदलणं आणि भिंतीवरचं पान, एवढं शिकवा. प्रत्येकाकडून तुमच्या समोर एकदा करून घ्या. दोन दुपारी पुरतात. इनक्युबेटरची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.